पहाटे चारचा दमा : एका प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, दमा लहानपणापासून. दिवसा काही त्रास नाही, जिने चढता येतात, काम होतं. पण गेले दोन महिने आठवड्यातून दोन-तीन वेळा पहाटे साडेतीन-चारला खोकल्याची ढास लागून जाग येते, छाती आवळून येते, श्वास सोडताना शीळ वाजते. उशाशी ठेवलेल्या पंपाचे दोन पफ घेतले की अर्ध्या तासात बरं वाटतं. रोज घ्यायचा दुसरा पंपही दिलेला आहे, पण त्यात स्टिरॉइड असल्याने तो ‘गरज वाटेल तेव्हा’च घेतला जातो. आणि विचारलंय ते असं : रात्रीच का होतं? झोपण्याआधीच दोन पफ घेऊन टाकले तर चालेल का? घरच्यांना कधी उठवायचं? नवऱ्याची झोपमोड करायला संकोच वाटतो, असंही लिहिलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘दिवसा ठीक, फक्त रात्री त्रास’ असा दम्याचा वेगळा सौम्य प्रकार नसतो. रात्री जाग येते याचा अर्थ श्वासनलिकांच्या अस्तराला चोवीस तास सूज आहे. दिवसा शरीर ती सांभाळून घेतं, पहाटे त्याला ते जमत नाही. त्यामुळे तुमच्या रात्रीच्या त्रासाचा इलाज बहुतांशी त्या अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या पंपात आहे, उशाशी ठेवलेल्या पंपात नाही.

आता रात्रीच का, ते बघू. हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन फ्लॉयर स्वतः दमेकरी होते. त्यांनी १६९८ साली दम्यावर लिहिलं, तेव्हाच झटके बहुधा रात्री येतात हे नोंदवून ठेवलं होतं. पुढे १९८८ साली ब्रिटिश छातीविकारतज्ज्ञ मार्गारेट टर्नर-वॉर्विक यांनी साडेसात हजारांहून अधिक दमेकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७४ टक्के लोकांना आठवड्यातून निदान एकदा दम्याने जाग येत होती. उपचार आज पुष्कळ सुधारलेत, पण ‘रात्री उठावं लागतं का?’ असं मुद्दाम विचारल्याशिवाय आजही लोक सांगत नाहीत. माझ्यासमोर बसून ‘झोप मस्त लागते’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांची बायको शेजारून म्हणाली, ‘मस्त लागते, पण खुर्चीत.’ वर्षभर ते पहाटे उठून खुर्चीत बसून झोपत होते आणि त्यांच्या लेखी ती सवय होती, आजार नव्हे.

आपल्या श्वासनलिका दिवसभर सारख्या रुंदीच्या नसतात. निरोगी माणसातही त्या दुपारी जास्तीत जास्त मोकळ्या असतात आणि पहाटे चारच्या सुमारास सगळ्यात अरुंद. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही. ज्याच्या नलिका आधीच सुजलेल्या असतात, त्याच्यासाठी तेवढाच फरक झोपेतून उठवायला पुरतो. सूज आटोक्यात ठेवणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. नलिका सैल ठेवणारं अ‍ॅड्रेनॅलिन पहाटे उतरतं. त्याच वेळी नलिका आवळणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढलेला असतो. शिवाय आडवं झाल्यावर फुप्फुसातला हवेचा साठा कमी होतो आणि नलिकांना बाहेरून ताणून धरणारा आधार ढिला पडतो. हे सगळं एकाच वेळी जुळून येतं, म्हणून तुमचं घड्याळ साडेतीन-चार दाखवतं.

पण मग दोष झोपेचा की गादीचा की अंधाराचा? याचा निवाडा करणारा एक सुरेख प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरा दमेकऱ्यांना प्रयोगशाळेत ठेवलं. एका टप्प्यात त्यांना सलग ३८ तास मंद उजेडात, एकाच स्थितीत जागं ठेवलं आणि खाणंही ठरावीक अंतराने थोडं थोडं दिलं. म्हणजे झोप नाही, हालचाल नाही, बाहेरचं काही बदलत नाही. तरीही रात्रीच्या वेळी फुप्फुसांची ताकद घसरलीच. आराम देणारा पंपही त्यांना दिवसापेक्षा रात्री जवळजवळ चौपट वेळा लागला. घड्याळ आपल्या आतच आहे. त्याचे काटे आपण फिरवू शकत नाही; ते ज्या सुजेचा फायदा घेतं ती सूज मात्र कमी करू शकतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशाशी ठेवलेला पंप बहुधा साल्ब्युटामॉलचा असणार. (रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.) त्याचा असर काही मिनिटांत सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. रात्री साडेदहाला घेतलात तर साडेतीनला, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, तो संपत आलेला असेल. आणि टिकला असता तरी तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. रोज रात्री तो आधीच घेऊन ठेवणं म्हणजे आग विझवायची सोडून धुराची घंटा बंद करणं. जागतिक दमा उपक्रम, म्हणजे ‘जिना’, याने २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं सांगितलंय, तेही सौम्य दम्यातसुद्धा. कारण उघड आहे : आराम मिळत राहतो, सूज आत वाढत राहते आणि मग एखाद्या सर्दीत झटका मोठा येतो.

आता स्टिरॉइडची भीती. ही भीती मी रोज ऐकतो आणि ती हसण्यावारी नेत नाही, कारण स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन हाडं ठिसूळ झालेली, साखर वाढलेली माणसं लोकांनी पाहिलेली असतात. पण प्रमाण बघा. पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम औषध घेतलं तर वर्षभरात ते १४६ मिलिग्रॅम होतं. उलट, मोठा झटका आल्यावर गोळ्यांचा जो कोर्स द्यावा लागतो तो साधारण ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस, म्हणजे एका आठवड्यात २०० मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण पंपाचं औषध थेट नलिकेत जातं आणि गोळीचं सगळ्या अंगात फिरतं, हेही त्यात धरा. पंप टाळून टाळून लोक शेवटी गोळ्यांवरच येतात. पंपाने आवाज बसू शकतो, तोंडात पांढरा थर येऊ शकतो. प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकली की त्यातलं बरंचसं टळतं.

आणखी एक गैरसमज : रोजचा पंप दोन दिवस घेऊन पाहिला, रात्री तरीही जाग आली, म्हणून ‘लागू पडत नाही’. सूज उतरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मी किमान चार आठवडे न चुकवता घ्यायला सांगतो आणि मगच त्याबद्दल काही बोलतो. बऱ्याच ठिकाणी आता स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल असा जोडपंप दिला जातो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत सुरू होतं आणि जवळपास बारा तास टिकतं, त्यामुळे तोच पंप रोजचा आणि तोच अडीअडचणीचा, अशी सोय करता येते. तुमच्या बाबतीत ती बसते का, हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. ‘गरज वाटेल तेव्हा’ घेण्याचा तुमचा स्वभाव असेल तर ही पद्धत जास्त सुरक्षित आहे. फक्त दिवसाची कमाल मात्रा त्यांच्याकडून लिहून घ्या.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो ती : पंप ओढायची रीत. डोस वाढवण्याआधी मी प्रत्येकाला म्हणतो, ‘घेऊन दाखवा.’ वीस-वीस वर्षं पंप घेणारी माणसं चुकतात. परवाच एक बाई आल्या, तुमच्याच वयाच्या. पंप न हलवता तोंडाशी धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. ओठांच्या कडेने पांढरा धूर निघाला. तो धूर म्हणजेच औषध, ते खोलीत गेलं. उरलेलं जिभेवर बसलं. छातीत किती पोचलं असेल ते तुम्हीच ठरवा. त्यांचा डोस गेल्या वर्षभरात दोनदा वाढवलेला होता.

गॅसच्या पंपाची रीत अशी : झाकण काढून आत काही अडकलेलं नाही ना ते पाहा, हलवा, छातीतली हवा पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास ओढायला सुरुवात करा आणि ओढता ओढताच दाबा. ओढणं चार-पाच सेकंद चालू राहिलं पाहिजे. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसऱ्या पफच्या आधी अर्धा मिनिट थांबा, परत हलवा. जमत नसेल तर स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी, औषध आधी तिच्यात जमतं) लावा. खरं तर जमत असलं तरी लावा, आणि पहाटे धाप लागलेली असताना तर लावाच, कारण त्या वेळी हात आणि श्वास यांचा मेळ कोणाचाच बसत नाही. पावडरच्या पंपाची गोष्ट नेमकी उलटी : त्यात श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, सावकाश ओढला तर पावडर जागेवरच राहते. शिवाय त्यात फुंकायचं नाही, दमटपणाने पावडर गोळा होते. एकाच घरात दोन्ही प्रकारचे पंप असले की हमखास अदलाबदल होते. आणि आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती बघत जा. शून्यावर गेलेला पंपही दाबल्यावर ‘फुस्स’ करतो, बाहेर नुसता गॅस येतो.

खोलीबद्दल. सगळे इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम नंतर घेतोय. धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतला ओलावा शोषून पाण्याची गरज भागवतात. त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा होतो. म्हणून चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर ठेवा, भिंतीला ओल आणि बुरशी असेल तर तिचा बंदोबस्त करा, मांजर-कुत्रं पलंगावर घेऊ नका. पण किडे अडवणाऱ्या गादी-उशीच्या महागड्या खोळी घेतल्या की काम झालं असं समजू नका. नुसत्या खोळीने दम्यात फारसा फरक पडत नाही, असंच अभ्यासांत दिसलंय. आणि ज्याला या किड्यांची अ‍ॅलर्जीच नाही त्याने या खटाटोपात पडू नये. आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करावी. धुराचं मात्र कोणालाच माफ नाही. सिगारेट, डासांची कॉइल, सुगंधी फवारे यांतलं काहीही झोपायच्या खोलीत नको, ‘आधी तासभर लावून मग बंद करतो’ हेही नको.

नाक चोंदलेलं असेल तर दमा रात्री सुधारत नाही. तोंडाने श्वास घेतला जातो, थंड कोरडी हवा सरळ खाली जाते. सकाळी सलग शिंका, नाकाला खाज, घशात मागून द्रव उतरल्याची जाणीव असेल तर नाकाचा स्टिरॉइड स्प्रे सुरू करणं हा दम्याच्याच उपचाराचा भाग आहे.

पोटाचंही बघा. आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळ होते, असं असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे ठोकळे द्या. तीन उश्या रचू नका, त्याने कमरेत वाकून पोटावर दाब येतो. पण जळजळ मुळीच नसताना ‘दम्यासाठी’ म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊ नका. २००९ साली एका मोठ्या चाचणीत अशा लोकांना त्या गोळ्यांनी काहीच फायदा झाला नाही.

घरातल्या इतर औषधांवर एक नजर टाका. रक्तदाबाच्या किंवा मायग्रेनच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर), काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब, काही जणांना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच जातीची वेदनाशामकं, ही दमा उसळवतात. डोळ्यात टाकलेला थेंब छातीत काय करणार, असं वाटतं. करतो, कारण तो नाकावाटे रक्तात जातो. आणि रात्री दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची गोळी घेत असाल आणि वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी सुरू झाली असेल तर ते लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावलाय तो याचसाठी.

तुमचा दमा लहानपणापासूनचा आहे, तेव्हा पुढची ओळ तुमच्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रात्री धाप लागून जाग येऊ लागली, उठून बसल्यावर बरं वाटतं, पायांवर सूज आहे, तर तो हृदयाचा त्रास असू शकतो. त्याला दमा समजून पंप ओढत बसू नये. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास थांबणं हेही वेगळं तपासायला हवं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक काम करा. पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र) घ्या, सकाळी उठल्याबरोबर पंपाच्या आधी आणि संध्याकाळी, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा. समजा संध्याकाळी ४२० आणि सकाळी ३१० आला. फरक ११०, सरासरी ३६५, म्हणजे ३० टक्के चढउतार. दोन आठवड्यांची सरासरी मोठ्या माणसात १० टक्क्यांच्या वर गेली की ती जास्त समजतात. आकड्यांशेजारी जाग किती वाजता आली, किती पफ लागले आणि पाळीच्या तारखा लिहा. काही जणींचा दमा पाळीच्या आधी वाढतो आणि वही बघेपर्यंत ते लक्षात येत नाही. ‘जिना’चे चार प्रश्नही स्वतःला विचारा, गेल्या चार आठवड्यांपुरते : दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास? तितक्याच वेळा आरामाचा पंप? कामात अडथळा? आणि रात्री एकदा तरी जाग? पहिल्या दोन प्रश्नांत थोडी सूट आहे. रात्रीच्या प्रश्नात नाही, तिथे एकदा जाग आली तरी दमा पूर्ण ताब्यात नाही असंच धरतात. तुम्हाला महिन्यातून आठ-दहा वेळा येते आहे. त्यामुळे ही भेट पुढे ढकलू नका, याच आठवड्यात जा.

आता आज पहाटे जाग आली तर. उठून ताठ बसा, किंचित पुढे वाका, कोपर टेबलावर टेका. आडव्या पडू नका. स्पेसरमधून एक पफ, त्यावर चार साधे श्वास. असे चार पफ. चार मिनिटं घड्याळाकडे बघून थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. त्यानंतरही तसंच असेल तर तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी फोन करायचा आणि ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार पफ चालू ठेवायचे. तुमच्याकडे जोडपंप आला तर पफचा हिशेब वेगळा असतो, तो आधीच कागदावर लिहून घ्या. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषध अशा वेळी मुळीच नको. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो आकडा उशिरा उतरतो. ९२च्या खाली गेला तर मात्र थेट दवाखाना.

काही खुणा दिसल्या तर चार मिनिटांचीही वाट बघायची नाही : एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, मानेचे स्नायू ताणले जातात, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, माणूस गुंगीत जातो. शीळ वाजायची एकदम थांबली आणि धाप तशीच आहे, हे तर सगळ्यात वाईट. घरचे त्याला ‘बरं वाटायला लागलं’ समजतात. प्रत्यक्षात हवाच आत जात नसते. पंपाचा आराम तीन-चार तासही टिकेनासा झाला तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणि नवऱ्याला उठवायचं ते पहिल्या पफलाच. संकोच वाटतो हे कळतं, पण वाक्य तुटतंय का, ओठांचा रंग काय आहे, हे धाप लागलेल्या माणसाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही. त्यांनी दिवा लावायचा, घड्याळ धरायचं, पफ मोजायचे आणि दर चार मिनिटांनी तुम्हाला एखादं लांब वाक्य बोलायला सांगायचं. स्पेसर कुठे ठेवलाय आणि फोन कुठे करायचा हे त्यांना आज संध्याकाळीच दाखवून ठेवा.